जहाजावरून समुद्राच्या पाण्याची आणि हवेची केमिस्ट्री कशी मोजतात? बाटली भरून लॅबला आणली तर चालत नाही का?

तुम्ही साताऱ्यात एमएस्सी केमिस्ट्री करताय आणि जहाजावर जाता येईल का असंही विचारलंय. मी सांगलीचा, गोव्यात दोना पावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या एका प्रोजेक्टवर होतो, म्हणून लिहितोय.

बाटली आणून चालत नाही कारण पाणी बाटलीतसुद्धा बदलत राहतं, आतले जिवाणू ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, तुम्ही घाट चढून वर येईपर्यंत आकडा भलताच. कार्बनच्या सॅम्पलात मर्क्युरिक क्लोराइड टाकून जिवाणू मारतात, मग ते किनाऱ्यावर नेता येतं, पण ऑक्सिजन जहाजावरच मोजायचा.

खोल पाण्यासाठी सीटीडी सोडतात, म्हणजे फ्रेमवर गोलात लावलेल्या लांबट बाटल्या आणि सोबत खारटपणा, तापमान, प्रेशरचे सेन्सर. बाटल्या दोन्ही तोंडं उघडी ठेवून खाली जातात, वर येताना पाहिजे त्या खोलीला लॅबमधून बटण दाबलं की बंद. डेकवर आल्या की बाटलीच्या नळाला सॅम्पल घ्यायला रांग, ऑक्सिजनवाला पुढं आणि खारटपणावाला सगळ्यात मागं, कारण मीठ काय उडून जात नाय.

ऑक्सिजनला अजूनही विंक्लर टायट्रेशन, १८८८ सालची पद्धत, तुम्ही कॉलेजात केलीच असेल. मँगनीजचं सोल्युशन आणि अल्कलाइन आयोडाइड टाकलं की वरच्या पाण्यात तपकिरी प्रेसिपिटेट (साका) बसतं, आणि अरबी समुद्राच्या मधल्या भागात ३०० मीटरवरनं आणलेल्या पाण्यात ते जवळजवळ पांढरंच राहतं, कारण तिथं साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन संपल्यात जमा असतो. पुस्तकात वाचून एवढं पटत नाही जेवढं त्या दोन बाटल्या शेजारी ठेवून पटतं. पण भरताना एक बुडबुडा आत राहिला की त्यातपण तपकिरी झाक येते आणि नसलेला ऑक्सिजन दिसायला लागतो.

खरं डोकं इथंच लागतं, बाहेरचं काही सॅम्पलात शिरू द्यायचं नाही, आणि सगळ्यात मोठी घाण म्हणजे आपलं जहाजच. पाण्यातलं लोह मोजायचंय आणि उभे आहात गंजक्या लोखंडावर, त्यामुळं त्या सॅम्पलना वेगळ्या बाटल्या, धातूऐवजी केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर आणि गाळलेल्या हवेची वेगळी खोली. हवेचं तर विचारूच नका, चुलीशेजारी बसून गावची हवा सांगायची तसला प्रकार. म्हणून हवा ओढायची नळी जहाजाच्या पुढच्या टोकाकडं उंचावर लावतात, आणि वारा मागनं यायला लागला की चिमणीचा धूर पुढं येतो म्हणून पंप बंद. १९९९ च्या इंडोएक्स या हिंदी महासागरावरची हवा तपासायच्या मोहिमेत आपलं सागर कन्या आणि अमेरिकेचं रोनाल्ड ब्राउन ही जहाजं अशाच मोजण्या करत फिरत होती, हिवाळ्यात आपल्या जमिनीवरचा धूर वाऱ्याबरोबर पार हिंदी महासागरावर जातो हे त्यात नीट दिसलं. (इकडं उसाच्या फडात पाचट पेटलेलं बघितलं की मला आता वारा कुठला आहे तेच आधी दिसतं.)

आणि हो, हलत्या जहाजावर बारीक वजनकाटा चालत नाही, स्टँडर्डची (ज्याच्याशी ताडून बघायचं त्या माहीत मापाच्या रसायनाची) पावडर किनाऱ्यावरच तोलून पुड्या-बाटल्या करून न्यायची.

जाता येईल का, तर हो, एमएस्सी चालते. नेट परीक्षा काढून पीएचडीला जा नाहीतर प्रोजेक्टच्या जागांची जाहिरात एनआयओच्या वेबसाइटवर येते ती बघत रहा. टायट्रेशनचा हात साफ ठेवा. पावसाळ्यातली क्रूझ मिळाली तर बोट लागायची गोळी डॉक्टरला विचारून जहाज सुटायच्या आधीच घ्या, एकदा उलट्या चालू झाल्या की ती पोटात टिकतच नाही.