शहरातल्या जुन्या कालव्याचा वारसा आणि तिथले पक्षी-प्राणी, दोन्ही कसं जपायचं?

तुम्ही विचारलंय की एक गट म्हणतो कालव्याचं सुशोभीकरण करा, दुसरा म्हणतो पक्षी आहेत, कशालाच हात लावू नका, तर ऐकायचं कोणाचं. मी कालव्याकाठच्या स्वयंसेवी कामात बरीच वर्षं आहे आणि मला दोन्ही पटत नाही. हात लावला नाही तर गाळ भरतो, भिंती ढासळतात, पाणी आटतं आणि पक्षीही जातात. सुशोभीकरणात तर बऱ्याचदा वारसा आणि पक्षी-प्राणी दोन्ही एकदमच जातं. जुना कालवा ज्या पद्धतीने बांधला त्याच पद्धतीमुळे तिथे जीव राहायला आलेत, म्हणून दुरुस्ती करायचीच, पण जुन्या पद्धतीने.

भिंतींचंच बघा. जुन्या विटा चुन्यात बसवलेल्या असतात. चुना मऊ, ओल त्यातून बाहेर पडते, आणि झिजला तर चुना झिजतो, वीट शाबूत राहते. आता कंत्राटदार येतो आणि दरजा, म्हणजे विटांमधल्या सांधी, सिमेंटने भरून टाकतो, दिसायला एकदम टकाटक, पण सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, मग ती विटेतूनच वाट काढते, क्षार विटेत साठतात आणि काही वर्षांत विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. आणि त्याच चुन्याच्या फटींत नेचे उगवलेले असतात, पुलाखालच्या खोल भेगांत वटवाघळं झोपलेली असतात. भेग बुजवायच्या आधी आत टॉर्च मारून बघायलाच पाहिजे आणि जाणकार माणसाने बघायला पाहिजे, नाहीतर जिवंत प्राणी आत चिणले जातात हो. ज्या भेगांनी पुलाला धोका नाही त्या तशाच ठेवता येतात.

तळाचंही तेच. अनेक जुन्या कालव्यांना सिमेंट नाही, चिकणमाती पाणी घालून तुडवून तुडवून तिचा जाड थर दिलेला असतो. तो ओला आहे तोवर पाणी धरतो, वाळला की तडकतो. त्यामुळे दुरुस्तीसाठी अख्खा कालवा महिनोनमहिने कोरडा ठेवणं म्हणजे मासे, शिंपले तर मेलेच, वर पाणी परत सोडल्यावर गळती सुरू. फळ्या टाकून छोटा टप्पा बंद करायचा, मासे आधी दुसरीकडे हलवायचे, काम उरकून लगेच पाणी सोडायचं, खर्च थोडा जास्त येतो पण येऊ दे.

काठाला लोखंडी पत्रे ठोकले किंवा उभी काँक्रीटची भिंत घातली की बीळ करणाऱ्यांचं घर गेलं, बेडकाला चढता येत नाही, पाण्यात पडलेल्या प्राण्याला बाहेर यायला जागा नाही. काथ्याचे रोल काठाला बांधून त्यात पाणवनस्पती लावल्या तर मातीही धरली जाते आणि पाणकोंबडीला आडोसा मिळतो. जिथे भिंत हवीच तिथे निदान मधेमधे उतार ठेवा. दिव्यांचं म्हणाल तर पाण्यावर प्रकाश पडता कामा नये, युरोपातली डॉबेंटन जातीची वटवाघळं पाण्याला जवळजवळ चिकटून उडत किडे पकडतात आणि उजेड टाळतात, एका झगझगीत पुलामुळे त्यांचा रस्ताच बंद होतो. आणि बदकांना ब्रेड टाकू नका, कुजून पाणी खराब होतं.

आता वारशाबद्दल. लोकांना वाटतं वारसा म्हणजे मोठा पूल. पण तो बारीक खुणांतही असतो. लंडनच्या रीजंट्स कालव्यावर एक पूल आहे, १८७४ मध्ये खालून जाणाऱ्या बोटीतल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन तो उडाला, नंतर तेच ओतीव लोखंडाचे खांब वापरून परत बांधला, पण खांब फिरवून बसवले. बोटी घोडे ओढायचे, त्यांचे दोर घासून लोखंडात खाचा पडलेल्या, आणि खांब फिरवल्यामुळे दुसऱ्या बाजूलाही नव्या खाचा पडल्या. बोट घातलं तर लागतात हाताला! असले खांब कोणी घासून, भरून, रंगवून ‘नवे’ केले तर काय राहिलं?

त्याच कालव्याकाठी किंग्ज क्रॉसजवळ जुन्या कोळशाच्या यार्डाच्या जागेवर १९८५ मध्ये कॅम्ली स्ट्रीट निसर्ग उद्यान सुरू झालं, जेमतेम दोन एकर, तेही स्थानिक लोकांनी जोर लावला म्हणून. म्हणजे भर शहरातही हे जमतं.

उलट उदाहरण फ्रान्सचं, कनाल द्यु मिदी. १९९६ पासून जागतिक वारसा आहे, पण काठावर हजारो झाडं लावलेली आणि बहुतेक एकाच जातीची, प्लेन नावाच्या मोठ्या सावलीच्या झाडाची. २००६ मध्ये बुरशीचा रोग सापडला, पाण्यातून पसरत गेला आणि हजारो झाडं तोडावी लागली. म्हणून नवी लागवड होणार असेल तर मिश्र जाती मागा, ‘एकसारखं छान दिसतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

तुमच्याकडे काम अजून सुरू झालं नसेल तर फार चांगलं, आत्ताच लेखी पत्र द्या. कामाआधी पक्षी, वटवाघळं, मासे यांचा सर्व्हे, तोही एकदाच नाही तर वेगवेगळ्या ऋतूंत, विणीच्या काळात काठावर कापणी बंद, दरजा चुन्यानेच भरायच्या, आणि जुना प्रत्येक दगड, खांब, दरवाजा यांचे फोटो काढून नोंद. हे सगळं टेंडरच्या अटींत आलं पाहिजे, तोंडी आश्वासनावर अजिबात थांबू नका, कारण साइटवरचा माणूस टेंडरमध्ये लिहिलंय तेवढंच करतो.