रेसर नक्की कोणाला व्हायचंय?

प्रश्न : मुलगा दहावी झाला, ८२ टक्के. गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स करून आला. त्याला अल्पाइन रेसर (उतारावरच्या स्की शर्यतींचा खेळाडू) करायचं आम्ही ठरवलंय; पदक, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी आणि पुढे कोच. रेसिंगच्या स्कीसुद्धा घेतल्या. ऑस्ट्रियाचा स्की-रेसर मार्सेल हिर्शर, त्यालाही वडिलांनीच घडवलं ना? पण हा म्हणतो, 'रेस नको, पडलेल्या पोरांना उठवणारे सर आवडले.' त्याचं मन कसं वळवावं?
– एक पालक, नाशिक

नमस्कार,

मन वळवायचंच असेल तर आधी तुमचं वळवू या. अख्ख्या पत्रात मुलाचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे, आणि नेमकं तेच तुम्हाला अडचणीचं वाटतंय!

हिर्शर २०१२ ते २०१९ सलग आठ वेळा एकूण विश्वचषक (हंगामभरातल्या शर्यतींच्या गुणांवर मिळणारा) जिंकला, वडील फर्डिनांड त्याचे प्रशिक्षक होते, सगळं खरं. पण ते ऑस्ट्रियाच्या डोंगरात स्की स्कूल चालवणारे गृहस्थ. आपला आरिफ खान घ्या. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच खेळाडू, जायंट स्लॅलममध्ये (खांबांना वळसे घेत उतरण्याच्या शर्यतीत) ४५ वा. तोही गुलमर्गच्या पायथ्याशी वाढलेला, चौथ्या वर्षी स्कीवर उभा राहिलेला. तुमच्या मुलाने बर्फ पाहिला पंधराव्या वर्षी. त्यात त्याचा दोष नाही, पण पदक गृहीत धरून नोकरीचा हिशेब मांडणं ही तुमची चूक आहे.

दुसरा गैरसमज जास्त घातक : कोच म्हणजे रेसरची पेन्शन. अहो, तो वेगळाच धंदा आहे. पहाटे ड्रिल मशीन घेऊन कडक बर्फात भोकं पाडायची, स्लॅलमचे (जायंट स्लॅलमपेक्षा जवळजवळच्या वळणांच्या शर्यतीचे) खांब ६ ते १३ मीटरच्या अंतराने रोवायचे. शर्यतीआधी खेळाडूला त्या खांबांमधून सराव करता येत नाही, कडेने घसरत फक्त पाहता येतं. शर्यत सुरू झाली की कुठल्या वळणावर बर्फ उखडलाय, ते कोच उतारावरून वायरलेसवर वर थांबलेल्या खेळाडूंना कळवतो. रेसरला वळण स्वतःच्या पायांत कळतं, कोचला ते दुसऱ्याच्या पायांत दिसावं लागतं. आणि त्यासाठी आधी पदक लागतंच असं नाही : अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनने विश्वचषकाच्या शंभरावर शर्यती जिंकल्या. तिला घडवण्यात मोठा वाटा आई आयलीनचा, आणि त्या पेशाने नर्स.

मुलाला आवडलेले सर कोच नव्हेत, इन्स्ट्रक्टर, म्हणजे नवशिक्यांना शिकवणारे. पडलेल्या पोराच्या स्की आधी उताराला आडव्या करायच्या, मगच त्याला उठवायचं, हे त्याने टिपलंय. शिकवण्याची ओढ अशीच दिसते. गुलमर्गची सरकारी संस्था आणि मनालीची पर्वतारोहण संस्था इथे बेसिकच्या पुढचे कोर्स असतात, ते हिवाळ्यात करू द्या. अकरावीची शाखा त्याला निवडू द्या. पुढे वाटलंच तर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) आहेच.

त्या रेसिंगच्या स्की दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. त्या ताठ असतात, नवशिक्याला वळवता वळवत नाहीत.