मोठा मिनी ट्रॅक्टर घ्यायचा का? आधी अडतंय कुठं ते पाहा

गोडी छाटणी (फळासाठी पावसाळ्याच्या शेवटी होणारी द्राक्षाची छाटणी) तोंडावर आली की छोटा ट्रॅक्टर बदलण्याचे प्रश्न वाढतात. आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तसाच प्रश्न द्राक्षपट्ट्यात घरोघरी आहे.

प्रश्न १ (ता. निफाड): पाच एकर द्राक्षबाग, वाय पद्धत (वेल Y आकाराच्या मांडवावर), नऊ बाय पाच (दोन ओळींत नऊ फूट, दोन वेलींत पाच). १८ एचपीचा दोन चाकी ओढीचा (फक्त मागच्या चाकांना ओढ असलेला) ट्रॅक्टर आणि २०० लिटरचा ब्लोअर (पंख्याच्या वाऱ्याने औषध फवारणारं यंत्र) आहे. ऑक्टोबरात पाऊस झाला की एका दिवसात फवारणी उरकत नाही, आणि ओढ्याकडच्या प्लॉटमध्ये ट्रॅक्टर फसतो. २८ एचपी फोर व्हील (चारही चाकांना ओढ असलेला) ६ लाख ९० हजारांना आणि ६०० लिटरचा ब्लोअर २ लाख ६० हजारांना मिळतोय. जुन्याचे १ लाख ९० हजार धरलेत. घ्यावा का?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत, वेळ पुरत नाही ही एक आणि ट्रॅक्टर फसतो ही दुसरी. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून त्यांचा हिशेबही वेगळा करू.

आधी वेळ. नऊ फुटी ओळीत एका एकराला ट्रॅक्टर साधारण १,४७५ मीटर चालतो. ताशी चार किलोमीटरने ही २२ मिनिटं झाली, वळणं धरून २८ म्हणू. पाच एकराला सव्वादोन-अडीच तास. कॅनोपी (पानाफांद्यांचा पसारा) पूर्ण असताना एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर २,००० लिटर लागतं, म्हणजे तुमच्या ब्लोअरच्या दहा टाक्या. विहिरीवर जाऊन, औषध कालवून, टाकी भरून परत येण्यात प्रत्येक खेपेला २५ मिनिटं जातात असं तुम्हीच लिहिलंय. दहा खेपांचे चार तास दहा मिनिटं. म्हणजे साडेसहा तासांच्या फवारणीत चार तासांहून जास्त वेळ ट्रॅक्टर बागेत नसतोच. तिथे एचपी वाढवून काय होणार?

६०० लिटरच्या टाकीने खेपा चारवर येतील, पण ती भरायलाही जास्त वेळ लागतो. खेपेला ३५ मिनिटं धरली तर एकूण काम पावणेपाच तासांच्या आसपास बसतं. याउलट प्लॉटच्या कडेला पाच फूट उंच ओट्यावर हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवा, खाली दोन इंची कॉक आणि पाइप द्या. रात्रीच मोटर लावून त्या भरून ठेवा. औषधाचं द्रावण बादलीत आधी कालवून ठेवायला एक माणूस द्या. खेप दहा मिनिटांत होते, आणि तीच फवारणी चार तासांत संपते. याला मोठ्या ब्लोअरच्या किमतीच्या मानाने फार थोडा खर्च येतो. हे आधी करा, ट्रॅक्टर बदला किंवा नका बदलू.

आता फसण्याचं. इथे मात्र तुमची तक्रार खरी आहे. डाऊनी (केवडा) रोगाच्या दिवसांत वाफशाची वाट पाहत बसता येत नाही. पोंगा अवस्थेपासून (कोंब फुटू लागल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत पाऊस झाला की वेळेत बागेत शिरावंच लागतं, आणि काळ्या जमिनीत दोन चाकी ओढीचा हलका ट्रॅक्टर जागेवर चाक फिरवतो. तरी खात्री करून घ्या. मागच्या टायरवर खडूने खूण करा. कोरड्या कडक ओळीत रिकामा ब्लोअर घेऊन चाकाचे दहा फेरे मोजा आणि किती फूट अंतर गेलं ते लिहा. मग पाऊस झाल्यावर त्याच ओळीत भरलेल्या टाकीने दहा फेरे मोजा. कोरड्यात ९५ फूट आणि ओल्यात ८० फूट आले, तर घसर (चाक जागेवर फिरण्याचं प्रमाण) जवळजवळ १६ टक्के झाली. पंधराच्या आत असेल तर चिंता नाही. वीसच्या वर गेली तर आधी टायरच्या खुट्या बघा. गुळगुळीत टायर घेऊन फसणाऱ्याला फोर व्हीलची नव्हे, टायरची गरज असते. टायर चांगले असूनही घसर वीसच्या वरच राहिली, तर फोर व्हील घ्यायला हरकत नाही.

पण फोर व्हील म्हणजे २८ एचपीच असं कुठं आहे? तुमचा ट्रॅक्टर अंदाजे आठशे किलोचा आणि भरलेला छोटा ब्लोअर चारशेचा, म्हणजे जमिनीवर बाराशे किलो भार येतो. २८ एचपी फोर व्हील हजार-अकराशे किलोचा, त्यामागे भरलेला ६०० लिटरचा ब्लोअर आणखी नऊशे ते हजार. भार दोन टनांवर गेला. हंगामात प्रत्येक फवारणीला चाकं त्याच दोन पट्ट्यांतून जाणार, तीही ओलीवर. त्या पट्ट्यांखालची माती दगड होते, पाणी मुरत नाही आणि वेलीची मुळी तिथे जात नाही. ओढ्याकडच्या ज्या प्लॉटसाठी तुम्ही ट्रॅक्टर घेताय, त्याच प्लॉटचं यात सर्वांत जास्त नुकसान आहे. तिथे पाणी का थांबतं ते आधी बघा. एक चर काढून पाणी ओढ्याला लागत असेल तर अर्धं काम तिथेच झालं.

दुसरी गोष्ट रुंदीची. नऊ फुटी ओळीत जागा भरपूर आहे असं एप्रिलमध्ये वाटतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, वेली मोकळ्या असताना मोजलेली रुंदी कामाची नाही. वायचे हात आणि लोंबलेल्या काड्या धरून, पूर्ण कॅनोपीत ओळीची मोकळी जागा मोजा. त्यातून दोन्ही बाजूंना एकेक फूट सोडून जे उरेल, त्यात ट्रॅक्टर टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत बसला पाहिजे. माहितीपत्रकातली रुंदी अनेकदा सर्वांत अरुंद जोडणीतली असते, त्यामुळे शोरूममध्ये टेप लावूनच बघा. ओळीच्या टोकाला अँकरच्या (मांडव ताणून धरणाऱ्या) तारा पाच-सहा फूट बाहेर येतात. मागे ओढायचा ब्लोअर वळताना आतून कापतो आणि नेमका त्याच तारेला अडकतो. तुमच्या बांधाकडे वळायला किती फूट राहतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. पंधरा फुटांच्या आत असतील तर ६०० लिटरचा विचार सोडून द्या.

आता पैसे. तुमच्याच आकड्यांनी २८ एचपी आणि नवा ब्लोअर मिळून, जुन्याचे पैसे वजा जाता, ७ लाख ६० हजार घालावे लागतात. दहा वर्षांनी यातले १ लाख ६० हजार सुटतील असं धरलं तर घसारा वर्षाला ६० हजार. सरासरी अडकलेल्या रकमेवर १० टक्के व्याज म्हणजे आणखी ४६ हजार. वर्षाला १ लाख ६ हजार झाले. तुमचा ट्रॅक्टर वर्षाला ३५० तास चालतो, म्हणजे तासाला तीनशे रुपये जादा, डिझेल आणि विमा सोडून. पाच एकराला वाटले तर एकरी २१ हजार.

तुमच्या कागदांत दुसरं एक कोटेशन आहे, २४ एचपी फोर व्हीलचं, ५ लाख ८५ हजारांचं. त्यावर तुम्ही काट मारलीये. माझ्या मते काट चुकीच्या कागदावर पडली. यात ३ लाख ९५ हजार घालावे लागतात, जुना ब्लोअर तसाच चालतो आणि वर्षाचा बोजा ५५ हजारांच्या आत येतो. पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर) इंजिनाच्या ताकदीचा साधारण ८५ टक्के किंवा थोडा जास्त हिस्सा मिळतो. तुमच्या ब्लोअरच्या पंख्याला २४ एचपी पुरून उरतो. म्हणून माझा सल्ला असा: यंदा ओटा, टाक्या आणि चर करा, घसर मोजा. घसर वीसच्या वर निघाली तर २४ एचपी फोर व्हील घ्या, ६०० लिटरचा ब्लोअर घेऊ नका. घसर आटोक्यात आली तर आहे तोच ट्रॅक्टर अजून दोन-तीन हंगाम वापरा.

जुना ट्रॅक्टर 'लोड घेत नाही' असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. पंखा मोठ्या गिअरवर टाकून पीटीओचे फेरे टॅकोमीटरने मोजा. ५४० वरून ५०० च्या खाली उतरत असतील आणि काळा धूर येत असेल, तर आधी एअर क्लीनर, डिझेल फिल्टर आणि नोझल तपासून घ्या. नोझल बदलून दम परत आलेले ट्रॅक्टर पुष्कळ आहेत. शिवाय पोंगा अवस्थेत पंखा मोठ्या गिअरवर चालवायची गरजच नसते. पानं नाहीत तिथे वारा कशाला?

घ्यायचं ठरलं तर दसऱ्याच्या मुहूर्तावर अडून बसू नका. दसरा आणि गोडी छाटणी हातात हात घालून येतात. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिसिंग बहुतेक ठिकाणी ५० तासांवर असते, आणि हे ५० तास नेमके फवारणीच्या ऐन धांदलीत भरतात. चाचणी शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर घेऊ नका. तुमचा ब्लोअर जोडून, टाकी भरून, ओढ्याकडच्या प्लॉटमध्ये घ्या. विक्रेता नाही म्हणाला तर दुसरा बघा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. त्यात पीटीओची प्रत्यक्ष ताकद आणि लिफ्टची क्षमता दिलेली असते, ती जाहिरातीतल्या आकड्याशी ताडून बघा. आणि फोर व्हील घेतल्यावर पुढचे टायर मनाने वेगळ्या मापाचे टाकू नका. पुढच्या-मागच्या चाकांचं गुणोत्तर बिघडलं की गिअरबॉक्सवर ताण येतो. कडक रस्त्यावर फोर व्हीलचा दांडा सोडलेला असावा.

प्रश्न २ (ता. सांगोला): डाळिंब चार एकर, २० एचपीचा ट्रॅक्टर. पाच फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, रोटर) स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. ट्रॅक्टर दाबतो, इंजिन बंद पडतं, उचलला की पुढची चाकं अधांतरी होतात. ३० एचपी घ्यावा का?

नको. रोटाव्हेटर विका. पाच फुटी रोटरला ३५ एचपीच्या पुढचा ट्रॅक्टर लागतो, तुमच्याला तीन-साडेतीन फुटी पुरे. स्वस्तात मिळालेल्या अवजारापायी सहा-सात लाखांचा ट्रॅक्टर घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

डाळिंबात यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. अन्न घेणारी मुळी वरच्या थरात असते. मोठा रोटर खोल लावून ओळीत फिरवला की ती मुळी तुटते, आणि मर रोगाच्या बुरशीला आत शिरायला तीच जखम पुरते. सूत्रकृमी असलेल्या बागेत तर हे आगीत तेल ओतल्यासारखं आहे. झाडाच्या घेराखाली रोटर नेऊच नका. मधल्या पट्ट्यात दोन-तीन इंचांपेक्षा खोल लावू नका. गवतासाठी श्रेडर किंवा ब्रश कटर चांगला, आणि कापलेलं गवत तिथेच आच्छादन म्हणून पडू द्या. एखाद्या झाडाची फांदी पिवळी पडत असेल तर सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घ्या. तोवर त्या ओळीत अवजार नेऊ नका, कारण रोगट माती रोटरच्या पात्यांबरोबर पुढच्या झाडापर्यंत जाते.

प्रश्न ३ (ता. तासगाव): तिघा भावांची मिळून अकरा एकर द्राक्षं, चार एकर ऊस. २२ एचपीचा एकच ट्रॅक्टर. मोठा घ्यावा की अजून एक तेवढाच? भाड्यानेही चालवता येईल.

तुमच्या बाबतीत घ्याच. अकरा एकर एका ब्लोअरवर म्हणजे पावसानंतर शेवटच्या प्लॉटला तिसरा दिवस उजाडतो. जुना मात्र विकू नका. २८ एचपी फोर व्हील मोठ्या ब्लोअरसाठी ठेवा आणि २२ एचपी छोट्या ब्लोअरला, उसाच्या आंतरमशागतीला आणि अडीअडचणीला. फवारणीच्या दिवशी एक यंत्र बिघडलं तर दुसरं हाताशी असणं, याची किंमत द्राक्षवाल्याला सांगायला नको.

भाड्याच्या भरवशावर हप्ता ठरवू नका. ज्या दिवशी शेजाऱ्याला ब्लोअर हवा असतो, त्याच दिवशी तो तुमच्याही बागेत हवा असतो. रोटर आणि सरीचं थोडं भाडं मिळेल, ते वरकड समजा. उसाची ट्रॉली या ट्रॅक्टरला लावायचा विचारही नको. ओढेल कदाचित, पण उतारावर भरल्या ट्रॉलीला थांबवायला लागणारं वजन आणि ब्रेक त्याच्याकडे नाहीत.

अनुदानाचं तिन्ही प्रश्नांत विचारलंय. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदान पोर्टलवर) अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय ट्रॅक्टर उचलू नका. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. एकदा ट्रॅक्टरसाठी लाभ घेतला असेल तर पुढची दहा वर्षं त्याच घटकासाठी पुन्हा अर्ज करता येत नाही, पण इतर अवजारांसाठी येतो. घरात कुणाच्या नावावर ट्रॅक्टर असेल तर त्याचं आरसी बुक जोडून ब्लोअर किंवा रोटाव्हेटरसाठी अर्ज करता येतो. सांगोल्याच्या शेतकऱ्यांनी साडेतीन फुटी रोटरसाठी हाच मार्ग धरावा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, ट्रॅक्टरच्या टायरवरचाही ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशन त्याआधीचं असेल तर नवं मागून घ्या.