दाताच्या डॉक्टरची फार भीती वाटते, झोपवून दाढ काढून घेता येते का, आणि खर्च किती येतो? घरचे म्हणतात, एवढ्याशा दाढेसाठी कसली भूल!

घ्या की काढून. डॉक्टर तुमची तब्येत बघून हो म्हणत असतील तर घरच्यांची परवानगी कशाला हवी? दाढ तुमची आहे.

फक्त ते ‘झोपवून’ डोक्यातून काढा. भीती घालवायला गुंगीचं औषध देतात, त्यात बहुतेक वेळा माणूस जागाच असतो. ‘तोंड उघडा’ म्हटलं की उघडतो, पण कशाची धास्ती उरत नाही. आणि हिरडी बधिर करायचं इंजेक्शन तरीही घ्यावंच लागतं. गुंगी भीतीवर असते, दुखण्यावर ते इंजेक्शन.

आता ‘एवढ्याशा दाढेसाठी’. हे मी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरात, जेवणाच्या ताटावर ऐकलेलं आहे. माझे थोरले दीर म्हणाले होते, “दोन बाळंतपणं केलीस आणि दाढेला घाबरतेस?” सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

भीती आली कुठून, ते कुणी विचारलं नाही. मी शाळेत असताना खालची दाढ किडून गाल टम्म सुजला होता. बाबा मला रावपुऱ्यातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. इंजेक्शन दिलं, ओठ जड पडला, पण दाढ काही बधिर झाली नाही. मी ओरडले. डॉक्टर म्हणाले, “कशुं नथी थतुं, बेटा,” म्हणजे काही होत नाही, आणि बाबांना माझे हात धरायला सांगितलं. बाबांनी धरले. मी नाटक करतेय असं दोघांनाही वाटत होतं. दाढ निघाली, बिल दिलं आणि बाबांनी येताना आइस्क्रीम घेऊन दिलं. त्या वयातसुद्धा मला त्या आइस्क्रीमचा राग आला होता. त्यानंतर मी दाताच्या दवाखान्याची पायरी चढायचं टाळत आले. उजव्या बाजूने चावायचं, डावीकडे थंड लागू द्यायचं नाही, असं करत संसार केला.

त्या दिवशी काय झालं होतं ते मला पुढे एका सर्जनबाईंनी सांगितलं. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, त्यामुळे लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, नसेत नीट शिरतच नाही. खालच्या दाढांचं तर आणखी अवघड, तिथलं हाड जाड असतं, म्हणून मागे नसेच्या मुळाशी इंजेक्शन द्यावं लागतं आणि तेही कधीकधी पूर्ण लागू पडत नाही. अशा वेळी आधी पू काढायचा, थांबायचं, पुन्हा टोचायचं. हात धरायचे नाहीत. थोडक्यात, मला खरंच दुखत होतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की दाताच्या भीतीला भित्रेपणा म्हणणारा माणूस एकतर कधी अर्धवट बधिर झालेल्या दाढेवर बसलेला नाही, नाहीतर खोटं बोलतो. आमचे भाऊजी दुसऱ्या प्रकारातले. ते घाबरत नाहीत, त्यांना फक्त ‘वेळ नसतो’. वेळ नसता नसता खालची कवळी आली. आता बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा आला की त्यातली डाळ बाजूला काढतात.

आणि हे आजकालचे चोचले आहेत म्हणणाऱ्यांसाठी: डिसेंबर 1844 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने लाफिंग गॅस घेऊन स्वतःचीच अक्कलदाढ काढून घेतली. तेव्हा बडोद्याच्या गादीवर दुसरे सयाजीराव होते. पुढच्याच महिन्यात बोस्टनला त्याने लोकांसमोर प्रयोग केला, रोगी मध्येच ओरडला आणि वेल्सची हुर्यो झाली. हसणारे तेव्हाही होतेच.

तो गॅस अजून वापरतात. नाकावर छोटा मास्क, ऑक्सिजनबरोबर थोडाथोडा वाढवत नेतात. हातपाय हलके वाटतात, शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात आणि असर लवकर उतरतो. मध्यम भीतीला हा पुरतो. सगळ्या दवाखान्यांत नसतो, आधी फोन करून विचारा. गोळीचा प्रकार स्वस्त, पण किती लागू पडेल ते माणसागणिक वेगळं, आणि दिवसभर पेंग. शेजारणीकडची अल्प्राझोलाम, म्हणजे धास्ती कमी करायची गोळी, मागून घेऊन जाऊ नका, डॉक्टरांनी लिहून दिली तरच.

माझी अक्कलदाढ आडवी होती, म्हणून शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं. भूलतज्ज्ञ वेगळे आले होते, बोटाला ऑक्सिमीटर. ते मुलीच्या कॉलेजबद्दल विचारत होते, एवढं आठवतं. बाहेर बसलेल्या मुलीला नंतर सर्जनबाईंनी सांगितलं की मी त्या सांगतील तसं तोंड उघडत होते, मध्ये एकदा ‘पाणी हवं’ही म्हणाले. मला त्यातलं काही आठवत नाही. या औषधाने बऱ्याचदा तेवढ्या वेळाची आठवणच राहत नाही. पूर्ण बेशुद्ध करणं फार क्वचित लागतं, ते हॉस्पिटलातच करावं.

शिरेतून घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा: दाढ काढत असताना माझ्या श्वासावर लक्ष कोण ठेवणार? ‘मीच’ असं दाढ काढणाऱ्याने सांगितलं तर उठून या.

खर्च विचारलाय, पण माझा आकडा जुना आहे. भूलतज्ज्ञांची फी वेगळी लागते, तेवढं धरून चाला.

हो, आणि हे आधीच लिहायला हवं होतं: जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, झोपेच्या गोळ्या किंवा दारू चालू असेल, तर ते लपवू नका. पोटात बाळ असेल तर सगळ्यात आधी सांगा. सर्दीने नाक चोंदलं असेल तर गॅस चालत नाही. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी 12 जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी असतं, तेही सांगा, कारण या गॅसचं त्याच्याशी जमत नाही. शिरेतून घेतलं तर उपाशीपोटी जायचं असतं आणि घरी न्यायला जबाबदार माणूस लागतो, एकट्याला सोडत नाहीत. मी मुलीला नेलं होतं, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापर्यंत ॲक्टिव्हा चालवू नका आणि बँकेच्या कागदांवर सह्या करू नका.