'होय'चं बहुमत झालं, पण होय म्हणालं कोण?

मागच्या अंकात विधानसभेतल्या आवाजी मतदानावर जाता जाता दोन वाक्यं लिहिली होती, त्यावर एवढे मेसेज आले की या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. सातबारा आणि वारसनोंदवाले प्रश्न पुढच्या वेळी घेतो, रागावू नका.

प्रश्न : काका, विधानसभेची एक क्लिप बघितली. अध्यक्ष मान खाली घालून भराभर वाचतायत, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होय चे बहुमत, होय चे बहुमत, विधेयक संमत झाले." पुरतं एक मिनिट पण नाही. कोणी हात वर केला नाही, बटण दाबलं नाही. याला मतदान म्हणायचं का? आमच्या सोसायटीची वार्षिक सभा यापेक्षा जास्त वेळ भांडते. (बार्शीहून एक वाचक)

उत्तर : म्हणायचं. यालाच आवाजी मतदान म्हणतात आणि बहुतेक विधेयकं अशीच पास होतात. पण तुम्ही बघितलेली क्लिप म्हणजे लग्नातल्या अक्षता, त्याच्या आधीची बोलणी क्लिपमध्ये येत नाहीत.

क्रम असा असतो. आधी मंत्री विधेयक मांडतात, त्याला कागदावर 'पुरःस्थापित करणे' म्हणतात, त्या दिवशी साधारण चर्चा नसतेच, सदस्यांना छापील प्रत मिळते आणि त्यात शेवटी 'उद्देश व कारणे' म्हणून एक निवेदन असतं. (ते वाचत जा, पहिल्यांदा वाचणाऱ्याला सगळं विधेयक वाचण्यापेक्षा ते बरं पडतं.) मग एखाद्या दिवशी मंत्री उठून म्हणतात, विधेयक विचारात घ्यावं. खरी भाषणं होतात ती इथे. विरोधक म्हणतात समितीकडे पाठवा, कोणी म्हणतं लोकांची मतं मागवा, कोणी मूळ विषय सोडून आपल्या तालुक्यातल्या रस्त्याबद्दल बोलतं, मंत्री शेवटी उत्तर देतात. त्यानंतर एकेक खंड मताला टाकतात, ज्याला आपण कलम म्हणतो त्याला विधेयक असेपर्यंत खंड म्हणायचं. दुरुस्त्या सुचवल्या असतील तर त्या याच वेळी येतात आणि गंमत म्हणजे पहिला खंड सगळ्यात शेवटी घेतात, कारण त्यात कायद्याचं नाव असतं, आणि आतलं सगळं ठरल्यावरच नाव पक्कं करायचं. सगळ्यात शेवटी, विधेयक संमत करावं. ती भराभर वाचलेली वाक्यं या शेवटच्या टप्प्यांची असतात, कोणाची दुरुस्ती नसली की 'खंड २ ते १५' एका दमात जातात.

आता माझं मत सांगतो. घाईची तक्रार कुठल्या टप्प्यावर करायची हे बघायला पाहिजे. वाक्यं एका मिनिटात वाचली म्हणून काही बिघडत नाही, मधली चर्चाच झाली नाही तर बिघडतं. मराठा आरक्षणाचं विधेयक २९ नोव्हेंबर २०१८ ला एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत चर्चेशिवाय एकमताने पास झालं, सगळ्या पक्षांनी ठरवूनच. तो कायदा ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला. चर्चा झाली असती तर टिकला असता असं मी म्हणत नाही, कोर्टाची कारणं वेगळी होती, एकूण आरक्षणावरची पन्नास टक्क्यांची मर्यादा वगैरे. पण ५० टक्क्यांचं काय करणार हा प्रश्न सभागृहात कोणीतरी उभं राहून विचारायला हवा होता आणि त्याचं उत्तर रेकॉर्डवर यायला हवं होतं, एवढंच.

प्रश्न : आमच्या आमदारांनी जनसुरक्षा विधेयकाच्या बाजूने मत दिलं की विरोधात, हे कुठे बघायला मिळेल? त्यांच्या ऑफिसात विचारलं तर "साहेबांनी विरोधच केला" म्हणाले. मला कागद पाहिजे. (डोंबिवलीच्या एक ताई)

उत्तर : ताई, कागद मिळणार नाही. म्हणजे हरवलाय असं नाही, तो तयारच झाला नाही.

नक्षलवादी संघटनांच्या बेकायदा कारवाया रोखायला म्हणून आणलेलं हे विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात आलं, तेव्हा पुढे गेलं नाही. मग डिसेंबर २०२४ ला नागपुरात नव्याने आलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, चंद्रशेखर बावनकुळे समितीचे अध्यक्ष होते. बारा हजारांहून जास्त सूचना आल्या लोकांच्या. समितीने बदल केले ते साधे नव्हते, आधी 'व्यक्ती आणि संघटना' असं मोघम होतं तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असं आलं, संघटनेवरची बंदी तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली, आणि तपास डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही असं ठरलं. ('तत्सम' शब्दावरच अनेकांची हरकत आहे, ती वेगळी गोष्ट.) १० जुलै २०२५ ला विधानसभेत ते आवाजी मतदानाने पास झालं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही पास झालं.

आता रेकॉर्डमध्ये विधानसभेचं काय लिहिलेलं असतं? प्रस्ताव मताला टाकला आणि मान्य झाला. बस. होय किती, नाही किती, कोण कोण, काही नाही. डहाणूचे माकपचे विनोद निकोले यांचा विरोध आपल्याला माहीत आहे कारण ते उभे राहून तसं बोलले. बाकीच्यांपैकी ज्यांनी भाषणात शंका काढल्या त्यांच्या शंका सापडतील. पण बाकावर बसून 'नाही' म्हणालेल्याचा आवाज कागदावर येत नाही, आणि न म्हणता गप्प बसलेल्याची शांतताही येत नाही. तुमच्या आमदारांच्या ऑफिसचं वाक्य खरं असेल किंवा खोटं असेल, तपासायला साधन नाही. तरी एक करा, त्या दोन दिवसांच्या कामकाजाचा अहवाल काढून त्यांचं भाषण आहे का बघा. एवढा विरोध होता आणि भाषण नाही, तर मग ऑफिसात परत जाऊन चहा प्या आणि पुन्हा विचारा.

प्रश्न : मग मोजून मत घ्या असं कोणी म्हणूच शकत नाही का? (सातारा)

उत्तर : म्हणू शकतो, आणि इथेच माझी खरी चिडचिड आहे. अध्यक्षांनी 'होय चे बहुमत' म्हटल्या म्हटल्या समोरून कोणी हरकत घेतली आणि पोल मागितला की मतविभागणी करावी लागते. आपल्याकडे विधानभवनात सगळे त्याला पोलच म्हणतात. मग बेल वाजते, लॉबीतले, कँटीनमधले, कोणाच्या केबिनमध्ये गप्पा मारत बसलेले सगळे धावत येतात, दरवाजे बंद होतात आणि एकेक करून नोंद होते. २०२२ च्या जुलैमध्ये टीव्हीवर तुम्ही बघितलं असेल, आमदार उभे राहून आपलं नाव आणि नंबर सांगत होते, बाकावरच्या त्या शिरगणतीत ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ ने अध्यक्ष झाले. दुसऱ्या दिवशी शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला १६४ आणि विरोधात ९९. विरोधातली मतं एका रात्रीत कमी का झाली त्याचं एक कारण अगदी साधं, अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार आणि आणखी काही जण पोचायच्या आत दरवाजे बंद झाले होते. माजी मुख्यमंत्री असले तरी दार उघडत नाही.

पण हे सगळं सरकार पडणार का वाचणार अशा वेळी. साध्या विधेयकाला पोल क्वचित मागतात. का? सत्ताधाऱ्यांना नकोच असतो, आपली किती माणसं जाग्यावर नाहीत ते उघडं पडतं. विरोधकांचंही तेच असतं, शिवाय पोलमध्ये हरणार हे माहीत असतं, आणि एखाद्या विधेयकावर आतून दोन मतं असली की आवाजी मतदान सगळ्यांच्याच सोयीचं. बाहेर येऊन कॅमेऱ्यासमोर कडाडून विरोध केला म्हणायला मोकळे. मी सभात्यागापेक्षा पोल मागणाऱ्या विरोधकाला जास्त मार्क देतो. सभात्यागाची बातमी होते, पण निकाल हजर राहून मत देणाऱ्यांतून ठरतो, त्यामुळे बाहेर गेलेला माणूस समोरच्याचं काम सोपं करूनच जातो.

आणि पोल मागायचा तर लगेच, त्याच क्षणी, तोंडातून आवाज निघाला पाहिजे. १२ नोव्हेंबर २०१४ आठवा. भाजपचे १२२ निवडून आलेले, बहुमताला १४५ लागतात, शिवसेना तेव्हा विरोधात, आणि फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव तेव्हाचे अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदानाने मंजूर झाला म्हणून जाहीर केला. शिवसेना आणि काँग्रेसने केवढा गोंधळ घातला, मोजून मत घ्या म्हणून. पोल मागितला होता का, वेळेत मागितला का, यावर नंतर कितीतरी दिवस वाद चालला. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता, पण त्यांच्यातल्या किती जणांनी 'होय' म्हटलं ते आजही कोणाला सांगता येणार नाही. २०१९ ला तर महाराष्ट्राच्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बहुमत चाचणी गुप्त मतदानाने नको आणि थेट प्रक्षेपण करा. चाचणीला हा आग्रह, मग रोजच्या विधेयकाला का नको, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. २८८ बटणं बसवणं काही चंद्रावर जाणं नाही.

प्रश्न : टीव्हीवर सभागृह रिकामं दिसतं. पंचवीस-तीस डोकी असतात. एवढ्यांनी कायदा केलेला चालतो? (एमपीएससीचा अभ्यास करणारा, सदाशिव पेठ)

उत्तर : परीक्षेपुरतं उत्तर, गणपूर्ती (कोरम), म्हणजे सभागृह चालायला लागणारी कमीत कमी हजेरी, ही एकूण सदस्यांच्या एक दशांश किंवा दहा, यातला मोठा आकडा. विधानसभा २८८ म्हणून २९, विधान परिषद ७८ म्हणून १०. परीक्षेबाहेरचं उत्तर, कोणी बोट दाखवून "अध्यक्ष महाराज, कोरम नाही" म्हणेपर्यंत गाडी चालू राहते. कोणी म्हटलंच तर बेल वाजते, पाच-सात जण आत येऊन बसतात, गाडी परत चालू. कागदावर हिशोब केलास तर २९ जण हजर असताना १५ जणांच्या होयवर कायदा होऊ शकतो. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, दोन्हीकडे समान मतं पडली तरच.

प्रश्न : विधान परिषदेने विधेयक अडवलं तर? तिथे विरोधकांचं बहुमत असेल तर सरकारचं काय? (लातूर)

उत्तर : थोडं लांबतं. परिषद साधं विधेयक तीन महिने धरून ठेवू शकते, मग विधानसभा पुन्हा पास करते, मग परिषदेला आणखी एक महिना, त्यानंतर परिषद काहीही म्हणो, पास झालं असं धरतात. दिल्लीतल्या संसदेसारखी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक राज्यात नसते. आणि पैशाचं विधेयक असेल तर फक्त १४ दिवस. गोव्यातल्या मित्रांना हा ताप नाही, ४० जणांचं एकच सभागृह.

प्रश्न : शक्ती कायदा पास झाला असं पेपरात वाचलं होतं, पेढे वाटले होते आमच्या महिला मंडळाने. मग तो लागू का नाही? (सांगलीच्या एक काकू)

उत्तर : काकू, विधेयक पास होणं आणि कायदा होणं यात एक सही असते. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२० ला आलं, संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांत एकमताने पास झालं. एवढं नीट काम क्वचित होतं. पण त्यात केंद्राच्या फौजदारी कायद्यांत बदल होते म्हणून ते राष्ट्रपतींकडे पाठवावं लागलं, आणि तिथून संमती आलीच नाही. एरवी सही राज्यपालांची. ते सही करतात, किंवा संमती न देता परत पाठवतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत पाठवलेलं सभागृहाने पुन्हा पास केलं की संमती रोखता येत नाही. किती दिवसांत सही करायची याला ठरावीक मुदत घालता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मत दिलंय, मात्र कायमचं धरून बसता येणार नाही असंही म्हटलंय. त्यामुळे पुढच्या वेळी पेढे राजपत्रात (सरकारी गॅझेटमध्ये) कायदा छापून आलेला बघून वाटा.

प्रश्न : नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गॅलरीत बसून बघायचंय. पास कसा काढायचा आणि विधेयकं कधी येतात? (वर्धा, बी.ए. दुसरं वर्ष)

उत्तर : आपल्या आमदारांच्या ऑफिसात ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन जा, शिफारस तेच देतात, शेवटच्या दिवशी जाऊ नकोस. मोबाईल आत नेता येत नाही. सकाळी प्रश्नोत्तरं, मग लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचना), तेव्हा सभागृह भरलेलं आणि आवाज चढलेले असतात, बहुतेक लोक तेवढं बघून उठतात. तू बस. विधेयकं त्यानंतर येतात, कधी दुपारी, कधी पार संध्याकाळी, आणि त्या दिवशीच्या कामकाजाच्या यादीत क्रमाने छापलेली असतात, यादी आधीच बघून जा. खुर्चीवर तेव्हा बहुधा तालिका अध्यक्ष असतात, म्हणजे अध्यक्षांच्या जागी पाळीपाळीने बसणारे आमदार. 'नाही' कोणी म्हणतं का ते कान देऊन ऐक, वरून चेहरे दिसतात. आणि जेवून गेलास तर डुलकी लागेल, तिथे मान खाली गेलेल्याला कर्मचारी खांद्याला हात लावून उठवतात, मी स्वतः दोनदा उठलोय.