पियाजे-एरिक्सन पाठ आहेत, पण वॉर्डात त्यांचा उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहात, मुलांच्या वाढीचे टप्पे मांडणाऱ्या पियाजे आणि एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांचे तक्ते तोंडपाठ आहेत, पण केस स्टडीत ‘नर्सिंगमधील उपयोग’ आणि आरोग्य शिक्षण या भागांत पेन अडतं. मी सोलापुरात लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. मला विचाराल तर हे सिद्धांत एवढ्यासाठीच शिकायचे, की आरोग्याची गोष्ट कुणाला सांगायची आणि कशी, हे मुलाच्या वयावरून ठरवता यावं.

आपल्या शहराचंच उदाहरण घ्या. पूर्व भागात कितीतरी घरांत बायका विड्या वळतात. पियाजेच्या मते पहिली दोन वर्षं मूल हात, तोंड आणि हालचाल यांतूनच शिकतं. म्हणजे रांगणारं बाळ सुपातली तंबाखू तोंडात घालणारच, त्याला रागावून काय होणार? इथे आरोग्य शिक्षण आईला द्यायचं, आणि घरात सासूचा शब्द चालत असेल तर तिच्यादेखत. सूप आणि तंबाखू बाळाच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवा, हात साबणाने धुऊन मगच बाळाला पाजायला घ्या. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, तेव्हा बाळ नुकतं रांगायला लागलेलं असतं. हे सांगायला तीच वेळ बरी. ‘विड्या वळू नका’ एवढंच सांगून मात्र काही होत नाही, मजुरी हजार विड्यांवर मिळते. घरात तेलुगू बोलत असतील तर त्याच गल्लीतल्या आशाताईंना सोबत घ्या.

एक ते तीन वर्षं म्हणजे एरिक्सनची स्वायत्तता: मुलाला सगळं स्वतःच ठरवायचं असतं. ‘औषध घेतोस का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येणार. ‘वाटीतून घेणार की चमच्याने?’ असं विचारा. अ‍ॅडमिट झाल्यावर शी-शू सांगणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, तेव्हा आईला सांगा की हे आजारपणामुळे आहे, रागावू नका.

तीन ते सहा या वयावर मी सगळ्यात जास्त बोलते. ही मुलं आजाराला शिक्षा समजतात: मी खोडी काढली म्हणून ताप आला. त्यात आपल्या आया ‘गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई टोचतील’ म्हणून त्या समजुतीवर शिक्कामोर्तब करतात! ही धमकी बंद करायला लावणं हेच माझ्या मते या वयातलं पहिलं आरोग्य शिक्षण. पुढच्या लशीला मूल घाबरून पळालं नाही तर तो फायदाच. टोचलेल्या जागी छोटी पट्टी लावा. तेवढ्या भोकातून सगळं रक्त निघून जाईल, अशी भीती या वयात खरोखर असते.

शाळेतल्या मुलाला काम द्या. हात धुण्याचा तक्ता त्यालाच भरू द्या, जंताची गोळी का घ्यायची ते त्यालाच समजावा. किशोरवयीन मुलामुलींशी मात्र आईला थोडा वेळ बाहेर बसवून बोला, नाहीतर माव्याबद्दल किंवा पाळीबद्दल एक शब्द निघणार नाही.

मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडचे टप्पे परीक्षेपुरते पुरे. पियाजेची वयंही काटेकोर धरू नका. त्याने सुरुवातीची बरीच निरीक्षणं स्वतःच्या तीन मुलांवरच केली होती आणि त्याच्या अंदाजापेक्षा मुलांना बरंच लवकर समजतं, असं नंतरच्या संशोधकांना दिसलं.

केस स्टडीत ‘वय ४, प्रीऑपरेशनल अवस्था’ (पियाजेचा दोन ते सात वर्षांचा टप्पा) एवढ्यावर थांबू नका. पुढे लिहा: ‘इंजेक्शनला शिक्षा समजतो. बाहुलीला खोटं इंजेक्शन देऊन दाखवलं. सुईची धमकी देऊ नये असं आईला सांगितलं. संध्याकाळच्या डोसला रडला, पण हात स्वतः पुढे केला.’