मनातून माफ झालं नसताना वडिलांना भेटायला जाणं म्हणजे ढोंग का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांशी सहा वर्षं बोलणं नाही. आता त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, ऐरोलीला तुमच्या बहिणीकडे आहेत. नातेवाईक म्हणतात, "बाप आहे, माफ करून टाक." तुम्हाला आतून तसं काहीच वाटत नाही, मग जाणं म्हणजे ढोंग नाही का?

नाही. भेटायला जाण्यासाठी आधी माफ करावं लागत नाही. मी ही गल्लत आठ वर्षं केली, म्हणून लिहायला बसलोय.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, माथाडी. आमचं मूळ गाव पाटणकडचं. आबा दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, गोणी वाहायचे, बाजार मशीद बंदरहून तुर्भ्याला आला तसे आम्ही कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आलो. तेव्हा शंभर किलोची गोण असायची. आबांच्या मानेखाली घट्टा होता, लहानपणी मी तो बोटाने दाबून बघायचो. दुखत नाही म्हणायचे.

2011 साली मला वागळे इस्टेटला पहिली पक्की नोकरी लागली. तीनच महिन्यांनी आबांच्या टोळीतल्या, म्हणजे एकत्र गोणी वाहणाऱ्या माथाडींच्या गटातल्या, एकाने टेम्पोसाठी पतपेढीचं कर्ज काढलं. पगाराची स्लिप असलेला जामीनदार हवा होता. आबा म्हणाले, "सही कर." केली. बापाने पुढे केलेला कागद कोण वाचतो?

दीड वर्षाने तो माणूस गावी गेला तो गेलाच. नोटीस आली माझ्या ऑफिसात. मग वाचायला बसलो. करार कायदा 1872 चा, त्याचं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याला धरा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघाला आणि पगारातून महिन्याला साडेचार हजार कापले जाऊ लागले. 42 महिने कापले.

पैशाचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू. पण तुटलं ते 2016 च्या गणपतीत. आरतीनंतर कुणीतरी त्या टेम्पोवाल्याचा विषय काढला आणि मी बोलून गेलो, "त्यांच्या दोस्तीचे हप्ते मी भरतोय." आबा चाळीसेक माणसांसमोर म्हणाले, "पोराला पैसा मोठा झाला. बापाच्या शब्दाला किंमत राहिली न्हाय." दिवाळीच्या आत मी बायकोला घेऊन ठाण्याला लोकमान्यनगरात भाड्याच्या खोलीत आलो.

पुढची आठ वर्षं आमच्या मध्ये आई होती. तिचा फोन यायचा, मागे टीव्हीचा आवाज, आणि मध्येच ती म्हणायची, "इथं एक माणूस विचारतंय, ठाण्याला पाऊस हाय का?" मी म्हणायचो, "सांग त्या माणसाला, आहे." एवढंच. एका काकांनी मधे ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याचा धाक घातला. मी तोही वाचला (वकील व्हायला हवं होतं मी). त्यात पोटगी महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार, आणि सुनावणीआधी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवायची सोयसुद्धा आहे, त्याने महिन्याभरात अहवाल द्यायचा. आमच्या घरात सलोखा अधिकाऱ्याला एक महिना पुरला नसता.

2024 च्या सुरुवातीला आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आईचा हात थरथरतो, तिला डोळ्यात थेंब टाकता येत नाहीत. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा टाकायचे होते. तिने फोनवर माफीबिफी काही काढली नाही, फक्त म्हणाली, "थेंब कोण टाकणार?" मी आठवड्याची रजा टाकली. गाडीत दिघागाव नावाचं स्टेशन लागलं, ते त्याच जानेवारीत सुरू झालं होतं. ते बघून वाटलं, या लाइनवर आपण किती दिवसांनी बसलोय.

आबांनी दारात बघितलं. काळा चष्मा होता, नजर कळेना. म्हणाले, "जेवलास का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

थेंब टाकताना काय होतं ते सांगतो, कारण माझं सगळं तिथेच झालं. समोरच्याने मान मागे टाकायची, आपण खालची पापणी बोटाने ओढून धरायची, तो वर बघतो. नजर चुकवायला जागाच नसते. आणि दोन वेगवेगळी औषधं असली की मध्ये पाच मिनिटं थांबायचं असतं. आबा डोळे मिटून खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर हातात दुसरी बाटली घेऊन. दिवसातून सहा वेळा ती पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी त्या पाच मिनिटांत मी म्हणालो, "आबा, मला ते सहीचं लागलं होतं." एवढंच वाक्य. रात्रभर मनात लांबलचक भाषण तयार केलं होतं, ते तोंडातून आलंच नाही, बरं झालं.

आबा डोळे न उघडता म्हणाले, "मला वाचता येत न्हवतं. तुला येत हुतं."

माझं डोकं फिरलं. बाटली ठेवली, बाहेर जाऊन पायरीवर बसलो. तुम्ही जाल तेव्हा असं काहीतरी ऐकायची तयारी ठेवा. आपण ज्या वाक्याची वाट बघत असतो ते आपणच लिहिलेलं असतं, त्यांना ते पाठ नसतं. पण पाच मिनिटं संपली होती, दुसरं औषध राहिलं होतं, म्हणून आत गेलो. काम नसतं तर तसाच स्टेशनवर गेलो असतो.

चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "एकूण किती कापलं?"

"एक लाख 89 हजार."

गप्प झाले. मग आईला हाक मारून म्हणाले, "तू तर म्हनली हुतीस, दहा-पंधरा हजार गेलं." आई आत भांडी घासत राहिली. आठ वर्षं तो आकडा मी त्यांना सांगितला नव्हता, आणि आईने घरात भांडण नको म्हणून तो छाटून दिला होता.

त्या संध्याकाळी आबांनी मला एक गोष्ट सांगितली. मी सातवीत असताना त्यांच्या पाठीत उसण भरली होती, महिनाभर उभं राहता येत नव्हतं. टोळीत कमाई सगळ्यांत सारखी वाटतात, पण काम न करणाऱ्याला वाटा कोण देणार? त्या टेम्पोवाल्याने महिनाभर आबांच्या वाटणीच्या गोणी उचलल्या आणि वाटा घरी आणून दिला. आबा त्याला नाही म्हणूच शकत नव्हते. हे ऐकून माझा राग गेला असं नाही. ती फेड त्यांची होती, माझ्या पगारातून का, हे मला आजही वाटतं. तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "व्हय."

म्हणून तुम्हाला सांगतो, सणाला जाऊ नका, मामा-काका कुणाला बरोबर नेऊ नका. आडवार बघून जा आणि काहीतरी काम हातात घ्या. झटक्यानंतर हातापायाचे व्यायाम करून घ्यावे लागतात, फिजिओथेरपिस्ट दाखवून देतात ते घरी रोज करावे लागतात. त्यातला एक वेळ तुम्ही घ्या. दुखलेली गोष्ट एकदाच, एका वाक्यात, नेमकी सांगा, आकडा असेल तर आकड्यासकट. त्यांची बोली अडखळत असेल तर उत्तराची घाई करू नका. आणि घरात मारहाण वगैरे झाली असेल तर माझं काही ऐकू नका. तो वेगळा मामला आहे, तिथे लांब राहणंही बरोबर असू शकतं.

आता मी महिन्यातून दोन रविवार कोपरखैरण्याला जातो. माफ केलं का, हे आबांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. गेल्या महिन्यात चुलतभाऊ आला होता, त्याला पतपेढीचं कर्ज काढायचंय. चहा पिता पिता तो माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, एक जामीनदार कमी पडतोय." मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "सहीला ह्याच्याकडं यायचं न्हाय. कागद माझ्याकडं आण, नातवाकडनं वाचून घेतो आधी."